पेशकारसाहेबांचा पाय

पेशकारसाहेब आयुष्यात एकदाही आजारी पडले नव्हते, आणि या गोष्टीचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

सत्तरी ओलांडलेला माणूस. दात सगळे स्वतःचे, चष्मा फक्त पेपरापुरता, आणि जिना चढताना मागच्या माणसाला धाप लागायची, यांना नाही. आदिलाबादला त्यांच्या घरापासून चार पावलांवर एक पुलिया, म्हणजे छोटा पूल, होती. संध्याकाळी तिच्या कठड्यावर गावातले पेन्शनर बसायचे. तिथं बोलणं एकाच विषयावर चालायचं. एकाचं बायपास झालेलं, एकाला सांधेदुखी, आणि एक निवृत्त पोस्टमास्तर तर स्वतःचा मुतखडा छोट्या डबीत घालून खिशात बाळगायचे. कोणी नवा माणूस आला की डबी उघडायची, खडा हातोहात फिरायचा, आणि सगळे "बापरे" म्हणायचे. पेशकारसाहेबही म्हणायचे. मग घरी येऊन खुर्चीत बसायचे आणि सुस्कारा टाकायचे.

"माह्यापाशी दाखवाले काईच न्हाई," ते म्हणायचे.

काकू आतून म्हणायच्या, "माही शुगर घ्या अर्धी. गुडघे बी घ्या. पूर्ण देते."

हेच तर त्यांचं दुःख होतं. घरातल्या सगळ्या बिमाऱ्या काकूंच्या नावावर होत्या. शुगर, बीपी, गुडघे. येणारा जाणारा पहिल्यांदा विचारायचा, "काकूंची तब्येत कशी आहे?" काकू पदर सावरून सांगायला बसायच्या आणि पेशकारसाहेब चहा करायला उठायचे. त्यांची तब्येत कोणी विचारायचंच नाही. विचारून काय करणार?

मी आणि मल्लेश त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून गेलो तो दिवस मला स्पष्ट आठवतो. तेव्हा आंध्रात नव्या ॲम्ब्युलन्स निघाल्या होत्या, आणि त्यांच्यावर काम करायला बीएस्सी झालेली पोरं घेत होते. शिकवणी आदिलाबादलाच, दवाखान्यातल्या एका रिकाम्या वॉर्डात. मी तलमडुगूकडच्या गावचा. डिग्री घेऊन बरीच वर्षं घरीच बसलो होतो. या परीक्षेत नापास झालो तर मेहुण्याच्या किराणा दुकानात बसायचं, असं घरात ठरूनच गेलं होतं. मेहुणा आत्तापासूनच मला "छोटे शेठ" म्हणायला लागला होता. मल्लेश निर्मलचा, तेलुगू घरातला. मराठी कळायची, पण बोलताना तो हिंदी, मराठी, तेलुगू जे हाताला लागेल ते वापरायचा.

पेशकारसाहेबांची सगळी नोकरी तहसिलीत साहेबापुढं फायली मांडण्यात गेली होती. लहानपणी शाळा उर्दूतून झालेली. त्यामुळं रिटायर झाले तरी कचेरी त्यांच्या तोंडातून गेली नव्हती. त्यांनी आम्हाला उभंच ठेवलं.

"नाव? वल्दियत? मौजा?"

आम्ही स्वतःचं, बापाचं, गावाचं नाव सांगितलं.

"खोली कायले पाह्यजे?"

"ॲम्ब्युलन्सचं शिकून राह्यलो, साहेब. पेशंटले कसं तपासाचं, कसं उचलाचं, दवाखान्यात पोचेपर्यंत कसं जगवाचं, ते."

साहेब खुर्चीत पुढं सरकले. "म्हंजे शिकाले बिमार मानूस लागत असंल."

"लागतो न. क्लासात एकच बाहुला हाये, अन् पोट्टे लय. घरी सराव करा म्हनतात."

"खोली मंजूर," ते म्हणाले. भाडं विचारायचं आम्ही विसरलो आणि सांगायचं ते.

त्याच संध्याकाळी ते ओसरीवर आडवे झाले. पुस्तकात पहिला धडा असा होता की पेशंटकडं धावत सुटायचं नाही. आधी जागा बघायची. विजेची तार पडलीय का, गाड्या येतायत का, साप आहे का. आपणच पडलो तर दोन पेशंट. मग हातमोजे घालायचे, आपण कोण ते सांगायचं, आणि हात लावायची परवानगी मागायची. मल्लेश खाली वाकला.

"साब, मैं मल्लेश, ॲम्ब्युलन्सवाला. मदत करू का?"

साहेब बेशुद्ध होते. डोळे मिटलेले, जीभ बाहेर काढलेली. तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "मंजूर."

"साब, तुम बेहोश है. बोलने का नई."

"मंग मंजुरी कोन देईल?"

मी समजावलं की माणूस बेशुद्ध असला की त्याची परवानगी आहेच असं धरून चालायचं असतं. साहेब उठूनच बसले. त्यांच्या तोंडावर खरोखरची काळजी होती.

"धरून चालाचं? मंजुरीबिगर दखल? लेका, तहसिलीत असं केलं असतं तं मुअत्तल करून घरी बसवलं असतं मले!"

त्या रात्री ते नीट जेवले नाहीत असं काकू म्हणाल्या. सकाळी मात्र त्यांनी तोड काढली होती. तेव्हापासून दर वेळी बेशुद्ध पडण्याआधी ते ओसरीच्या मधोमध उभे राहायचे आणि मोठ्यानं जाहीर करायचे, "मी आता बेहोश होऊन राह्यलो. पुढची समदी कारवाई मंजूर." मग धोतर सावरत हळूच खाली पडायचे. शेजारची पोरं सुरुवातीला कुंपणावर चढून बघायची. पुढं त्यांनाही त्याचं काही वाटेनासं झालं.

अपघात कसा झाला हे रोज तेच ठरवायचे. दाढी करता करता सांगायचे, "आज बैलानं शिंग मारलं," नाही तर "आज कापसाच्या गाडीवरून पडलो." पण कितीही वेगळी सुरुवात केली तरी शेवटी त्यांच्या जुन्या तहसीलदाराची जीप यायचीच. बैल उधळायचा तो त्या जीपच्या हॉर्ननं. झाडावरून पडले तर झाडाला जीप धडकलेली असायची. त्या तहसीलदारानं नोकरीत त्यांना काय केलं होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण आमच्या सगळ्या शिक्षणात त्याच्याइतका बेफाम ड्रायव्हर दुसरा नव्हता.

पेशंटला काही प्रश्न विचारायचे असतात. कशाची ॲलर्जी आहे का, कोणती औषधं चालू आहेत, आधी काय आजार झालेत, शेवटचं काय खाल्लं. आमच्या सरांचा हुकूम होता की हे सगळं झटपट झालं पाहिजे. साहेबांबरोबर ते कधीच झटपट झालं नाही.

"शेवटचं काय खाल्लं, साहेब?"

"ज्वारीची भाकर. अंबाडीची भाजी. भाजीत मीठ कमी होतं."

स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "मीठ बरोबर होतं!"

"जखमी मानसाले खोटं पाडू नको!" साहेब ओरडायचे. मग पुन्हा जखमी आवाजात, "लिहा, मीठ कमी."

आधीचे आजार विचारले की मात्र त्यांचा आवाज पडायचा. "निरंक," म्हणायचे. एकदा त्यांना राहवलं नाही. "लिहा, लहानपनी गोवर."

"तो तुमच्या भावाले झाला होता!" काकू आतून.

साहेबांनी छताकडं पाहिलं. "खोडा," ते म्हणाले.

त्यांची एक म्हण मात्र मी पुढं इंद्रवेल्लीच्या ॲम्ब्युलन्सवर असताना कितीदा तरी मनात म्हटली. अपघाताच्या जागी पन्नास माणसं जमलेली असतात, सगळी एकदम बोलत असतात, कोणी पाणी पाजतो, कोणी कांदा हुंगवतो. तेव्हा आपल्यालाही तसंच ओरडावंसं वाटतं. साहेब म्हणायचे, "आधी मुआयना, मंग हळहळ." आधी पाहणी करा, ही गोष्ट पुस्तकात चार पानांत दिली होती.

पाय बांधण्याचा धडा आला आणि सगळं बिघडलं.

मोडलेल्या पायाला दोन्हीकडून पट्ट्या लावून बांधायचं असतं, म्हणजे तो हलत नाही. बांधायच्या आधी आणि नंतर पेशंटची बोटं बघायची. हात लावलेला कळतो का, बोटं हलतात का, गार तर पडली नाहीत. मल्लेशनं त्या दिवशी बांबूच्या कामट्या, कापूस आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या वापरून साहेबांचा उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत असा बांधला की मलाही हेवा वाटला. साहेबांनी पाय उचलून पाहिला, वळवून पाहिला.

"इतकं सुरेख काम. सोडू नका."

"साब, सराव खतम."

"तुमचा खतम. मी जरा पुलियावर जाऊन येतो."

ते काठी टेकत गेले. परत आले ते वरात घेऊन. दोघांनी दोन्हीकडून धरलेलं, मागं पोस्टमास्तर. सगळे गेल्यावर साहेबांनी माझा हात घट्ट धरला. डोळ्यांत पाणी होतं.

"लेका, ज्याच्या खिशात मुतखड्याची डबी, तो मानूस सोता उठला! मले जागा देल्ली! डबी काढलीच न्हाई त्यानं आज!"

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळ झाली की साहेब पाय पुढं करायचे. आमचा सराव होत होता, आणि खरं सांगायचं तर इतका सराव वर्गात कोणाचाच होत नव्हता. कधी मी बांधायचो, कधी मल्लेश. एकदा मल्लेशनं चुकून डावा पाय बांधला. पुलियावर कुणीतरी विचारलंच, काल तर उजवा होता? साहेब शांतपणे म्हणाले, "फिरतं दुखनं हाये." बायपासवाल्यानंसुद्धा मान हलवली म्हणतात. फिरतं दुखणं त्याच्याकडंही नव्हतं.

काकूंना हे अजिबात आवडत नव्हतं. "येक दिवस हे सोंग आंगाशी येईल," त्या म्हणायच्या. "अन् तवा म्या काई बोलनार न्हाई." काकू काही बोलणार नाहीत यावर आमचा कोणाचाच विश्वास नव्हता.

ती बातमी निर्मलपर्यंत कशी गेली देव जाणे. साहेबांची मुलगी निर्मलला दिलेली. तिचे सासरे निवृत्त हेडमास्तर, शुद्ध बोलणारे आणि प्रत्येक गोष्टीचा खुलासा मागणारे. सासूबाई त्याहून शुद्ध. त्यांचा फोन आला तेव्हा मी ओसरीवरच होतो.

"पाय मोडला आणि आम्हाला कळवलं नाहीत?" विहीणबाईंचा आवाज रिसिव्हरबाहेर येत होता.

साहेबांना त्याच क्षणी खरं सांगता आलं असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी फोन करून त्यांची तब्येत विचारत होतं. ते नम्रपणे म्हणाले, "किरकोळ हाये."

"किरकोळ कसं? आम्ही रविवारी येतो."

फोन ठेवून ते वळले. काकू दारात उभ्या होत्या. त्या खरंच काही बोलल्या नाहीत, आणि ते बोलण्याहून वाईट होतं.

रविवारी काकू पहाटेच उठल्या. व्याही येणार म्हणजे पुरणपोळी पाहिजे, कटाची आमटी पाहिजे, भजी पाहिजेत. त्या रागानं पुरण वाटत होत्या आणि पाट्यावरचा आवाज घरभर घुमत होता. इकडं आम्ही साहेबांचा पाय बांधला. परीक्षेला बांधला असता त्याहून चांगला बांधला.

"कण्हू कसा? मोठ्यानं का बारीक?" साहेबांनी विचारलं.

"बारीक, साब. फ्रॅक्चर पुराना है."

व्याही मोठी टोपली घेऊन आले. केळी, मोसंबी, आणि वर निर्मलची लाकडी फळं. पेरू, आंबा, सीताफळ, अशी हुबेहूब रंगवलेली की खऱ्या मोसंब्या त्यांच्यापुढं खोट्या वाटाव्यात. "शोकेससाठी," विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्याकडं शोकेस अगदीच रिकामं दिसलं होतं मागच्या वेळी." त्या असंच बोलायच्या. मऊ, आणि कुठं टोचलं ते घरी गेल्यावर कळावं असं.

हेडमास्तर पलंगाशेजारी बसले. "कोणतं हाड?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी नडगीकडं बोट दाखवलं.

"एक्सरे दाखवा पाहू."

"सर, एक्सरे सूख रहा है," मल्लेश म्हणाला. "लॅब में. धूप कम है न."

हेडमास्तर यावर पुढचा प्रश्न विचारणार तेवढ्यात काकू ताट घेऊन आल्या. ताट थडथड वाजत होतं. मला वाटलं रागानं. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पाठीवर चोळी भिजून चिकटली होती. मला वाटलं चुलीची धग. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि विहीणबाईंकडं टक लावून पाहिलं.

"विहीनबाई, तुमच्या घरची पोळी म्या खाल्ली होती येकदा."

"हो का? आवडली ना?"

"चप्पल शिवाले बरी हाये."

काकू हेडमास्तरांकडं वळल्या. "अन् तुमी. माह्या पोरीच्या लग्नात दोन पंगतीले बसले. दोन्ही टायमाले जेवले, अन् वरून म्हने मसालेभात कच्चा होता!"

हेडमास्तर उभे राहिले. विहीणबाईंनी पर्स उचलली. पेशकारसाहेबांच्या चेहऱ्यावर घाबरल्याचा आव होता, पण आतून ते उजळले होते. हे सगळं त्यांना लग्नापासून बोलायचं होतं, आणि ते दुसऱ्या कोणीतरी बोलत होतं. "अवं," ते म्हणाले, पण त्यात काही जोर नव्हता.

मग काकू जमिनीवर बसल्या. टोपलीतून रंगवलेला पेरू उचलला आणि त्याचा कचकन चावा घेतला.

दात लाकडावर घसरल्याचा आवाज आला. काकूंनी पेरूकडं पाहिलं, तो फिरवला, आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा चावला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घाम, थरथर, भलतंसलतं बोलणं, अनावर भूक. हे सगळं मी पाठ केलं होतं, घोकून घोकून, मल्लेशला ऐकवून. आणि ते माझ्यासमोर ताट घेऊन आलं तेव्हा मी त्याला राग समजलो होतो.

"काकू, सकाळची शुगरची गोळी घेतली का?"

"घेतली."

"अन् खाल्लं काय?"

"व्याह्यायच्या आंधी कसं खाऊ?" त्यांनी माझ्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. "तू कोन हायेस, बाबू?"

त्या बाईनं इतके महिने मला गरम भाकर वाढली होती. "मल्लेश, साखर!" मी ओरडलो. रक्तातली साखर फार खाली गेली होती. माणूस गिळू शकत असेल तोवर तोंडानं साखर देता येते. एकदा शुद्ध गेली की तोंडात काही घालायचं नाही, ते श्वासात जातं. म्हणजे जे करायचं ते आत्ताच.

मल्लेश साखरेचं पाणी घेऊन आला. मी पेला पुढं केला. काकूंनी तो ढकलला, अर्धं पाणी माझ्या शर्टावर.

"हात लावू नको! मंजुरी न्हाई!"

पलंगावरून धप्प आवाज झाला. पेशकारसाहेब उठले होते. गुडघा वाकत नव्हता, कारण आम्ही तो फारच चांगला बांधला होता. ते तो ताठ पाय बाजूनं फेकत, जवळजवळ पळतच आले. काकूंजवळ बसायला गेले, बसता येईना, म्हणून सरळ आडवे पडले, आणि कोपरावर रेलून त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला.

"अवं. माह्याकडे पाह. मी हावो. घे."

काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं. ओळखलं की नाही कोण जाणे. पण पेला तोंडाला लावू दिला. साहेब एकेक घोट पाजत होते आणि प्रत्येक घोटाला स्वतःच आवंढा गिळत होते.

हेडमास्तर पुढं वाकून बघत होते. काकूंकडं नाही. पायाकडं.

"पेशकार, हा पाय..."

"खोटा हाये," साहेब म्हणाले. मान वळवलीसुद्धा नाही. "पाय खोटा हाये. हिचं खरं हाये. रिक्षा बलवा."

आणि मला हेडमास्तरांचं कौतुक वाटतं ते इथं. त्या माणसानं एकही खुलासा मागितला नाही. चप्पल न घालता रस्त्यावर धावले आणि ऑटो घेऊन आले.

तोवर काकूंच्या डोळ्यांत ओळख आली होती. हातातल्या पेरूकडं बघून म्हणाल्या, "हे कोनं चावलं?" पण गोळीचा जोर पुन्हा साखर खाली ओढू शकतो, म्हणून आम्ही अर्धं केळं खायला घालून त्यांना दवाखान्यात नेलंच. मल्लेश आणि हेडमास्तर मागून येणार होते. ऑटोत काकू, विहीणबाई, मी, आणि दाराबाहेर ताठ काढलेला साहेबांचा पाय. तो सोडायची कोणाला आठवणच झाली नाही.

त्यामुळं दवाखान्याच्या दारात दोन वॉर्डबॉय धावत आले ते साहेबांकडं. त्यांना व्हीलचेअरमध्ये बसवलं. कोणीतरी म्हणालं, म्हातारा आहे, आधी याला घ्या. ज्या क्षणाची पेशकारसाहेब जन्मभर वाट बघत होते तो आला होता. खाट तयार होती, नर्स तयार होती. आणि साहेब खुर्चीतून उडी मारून कॉरिडॉरभर ओरडत सुटले, "मले काई झालं न्हाई! मी तंदुरुस्त हाये! जन्मात कवा बिमार पडलो न्हाई! तिले पाहा, तिले!"

काकूंना संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. सलाईन लावलं, रक्त दोनतीनदा तपासलं. विहीणबाई तिथून हलल्या नाहीत. काकूंना काहीच आठवत नव्हतं.

"मी काई बोलली का तुमाले?"

"नाही हो," विहीणबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, काकूंच्या अंगावरची चादर नीट करत, खाली बघून म्हणाल्या, "आमच्याकडं कणीक जरा घट्टच मळतात."

साहेब बाहेर बाकावर होते. मल्लेश खाली बसून पायाच्या पट्ट्या सोडत होता. साहेब एरवी म्हणाले असते, सांभाळून, सुरेख काम आहे. त्या दिवशी ते नुसते दाराकडं बघत होते. मोकळा झालेला पाय त्यांनी खाली टेकवलासुद्धा नाही, मल्लेशनंच उचलून चपलेत घातला.

त्यानंतर ते पुलियावर गेले तेव्हा त्यांनी सगळ्यांना खरं सांगून टाकलं. थोडे दिवस लोक बोलले नाहीत. मग पोस्टमास्तरांनी डबी काढली आणि त्यांच्या हातावर खडा ठेवला. म्हणजे झालं गेलं मिटलं.

परीक्षा जवळ आली. प्रात्यक्षिकाला पेशंट ज्याचा त्यानं आणायचा होता. मी साहेबांना विचारायच्या आधीच काकू म्हणाल्या, "हे न्हाई येनार. ह्यांची बदली झाली. मी येते."

साहेबांनी मुकाट्यानं हुकूम मानला. पण परीक्षेच्या दिवशी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि आमच्या मागोमाग आले. त्यांना आत सोडलं नाही. ते खिडकीचे गज धरून उभे राहिले.

परीक्षक हैदराबादच्या डॉक्टरबाई होत्या, कडक. त्यांनी काकूंना बाजूला नेऊन कानात काहीतरी सांगितलं आणि बाकावर झोपवलं. मग मला म्हणाल्या, "छाती में दर्द है. शुरू करो."

मी जागा पाहिली. हातमोजे घातले. नाव सांगितलं. "काकू, मी मदत करू का?"

"न्हाई," काकू म्हणाल्या.

मला कळलं. पेशंट शुद्धीवर असून नाही म्हणतो तेव्हा काय करायचं, तो हा प्रश्न होता. जबरदस्ती करायची नाही. धोका समजावायचा, पुन्हा विचारायचं. मी समजावलं. हृदयाचा झटका असू शकतो म्हणालो.

"असू दे. न्हाई."

दवाखान्यात चला, नुसतं तपासून घेऊ.

"न्हाई म्हनलं न."

काकूंचं काम फारच चांगलं चाललं होतं. औषधाला, डॉक्टरला, पथ्याला नाही म्हणण्यात त्यांचा जन्म गेला होता. माझी पुस्तकातली वाक्यं संपली. मेहुण्याच्या दुकानातला गुळाचा वास नाकात आला. डॉक्टरबाई पेन उघडून बघत होत्या. मी वर पाहिलं तर खिडकीत पेशकारसाहेबांचा चेहरा होता. हे सगळं नाटक आहे हे त्यांना माहीत होतं, आणि तरी त्यांच्या तोंडाचा रंग उडाला होता. छातीत दुखतंय एवढंच त्यांनी ऐकलं होतं.

मी काकूंजवळ खाली बसलो.

"काकू, तुमी न्हाई म्हना. तुमचा हक्क हाये. मी जबरदस्ती करनार न्हाई. पन ते तिथं उभे हायेत. मी बाहेर गेल्यावर त्यायले काय सांगू?"

काकूंनी मान वळवली. खिडकीकडं पाहिलं. साहेबांनी गज इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली होती. मग माझ्याकडं वळून, हात पुढं करून म्हणाल्या, "घे बाबू. पाह काय पाह्याचं ते."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "अम्मा, मैंने ना बोलने को कहा था. आखिर तक."

"बोली न मैं," काकू म्हणाल्या. "इत्ते बार बोली. पर अब ये बराबर बोला तो क्या करूं?"

डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी नाडी धरली. ती अगदी शांत, एकसारखी चालली होती. एवढ्यात दार ढकलून पेशकारसाहेब आत आले. बाहेरच्या माणसानं त्यांचा सदरा मागून धरला होता, तो तसाच ओढत.

डॉक्टरबाईंनी पेन थांबवून त्यांच्याकडं पाहिलं. "आप कौन? आप भी पेशंट हैं क्या?"

मी आणि मागं रांगेत उभ्या असलेल्या मल्लेशनं एकमेकांकडं पाहिलं. पेशकारसाहेबांनी सदरा सोडवून घेतला, टोपी सरळ केली, आणि तहसिलीत साहेबापुढं उभे राहत तसे हात जोडून उभे राहिले.

"जी नहीं, हुजूर," ते म्हणाले. "पेशंट का रिश्तेदार."